मांडवीकाठचे जुने सचिवालय

कुठल्याही संस्थेच्या स्मरणिकेत पहिल्या बैठकीची तारीख ठळक छापतात आणि इतिहास तिथून सुरू करतात. गोवा विधानसभेपुरती ती तारीख ९ जानेवारी १९६४. डिसेंबर १९६३च्या निवडणुकीत निवडून आलेले ३० आमदार, त्यांत २८ गोव्याचे आणि दमण व दीवचा एकेक, त्या दिवशी पणजीच्या सचिवालयात सभागृह म्हणून प्रथम बसले. पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर पहिले सभापती झाले, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री होतेच. हे सगळे नोंदवायलाच हवे. पण सभागृह ज्या इमारतीत भरले तिचे वय या हिशेबात कुठेच येत नाही. आमदार बसले तेव्हा त्या जागेतून राज्यकारभार चालण्याला दोनशेहून अधिक वर्षे झाली होती आणि जागा सत्तेच्या ताब्यात असण्याला साडेचारशेहून अधिक. इथे मांडायचा मुद्दा असा की या इमारतीचे जुनेपण तिच्या भिंतींत फारसे नाही, ते तिच्या न तुटलेल्या वापरात आहे. सत्ता पालटली तेव्हा नव्या धन्याला ती पाडण्यापेक्षा तीत येऊन बसणे सोयीचे वाटले, म्हणून ती टिकली. आणि येऊन बसताना ज्याने त्याने ती आपल्या गरजेप्रमाणे फिरवून घेतली, म्हणून तिच्यात आदिलशाहीचे डोळ्यांना दिसेल असे जवळजवळ काही राहिले नाही. टिकणे आणि बदलणे या दोन्हींचे कारण एकच आहे, आणि ते लक्षात घेतले नाही तर या वास्तूबद्दल बोलताना आपण एक तर भाबडे होतो, नाही तर नुसते टीकाखोर.

विजापूरचा पहिला आदिलशहा यूसुफ याने १५००च्या सुमारास मांडवीच्या डाव्या तीरावर ही वास्तू उभारली असे मानले जाते. भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक होता, तटावर ५५ तोफा होत्या, असेही सांगतात. तोफांचा आकडा सोडून दिला तरी ही नुसती हवा खायची जागा नव्हती याला चांगला पुरावा आहे, आणि तोही शत्रूच्या बाजूचा. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१०च्या आरंभी गोवे पहिल्यांदा घेतले आणि मे महिन्यात आदिलशाही फौजेपुढे ते सोडले. गलबते घेऊन तो निघाला खरा, पण पावसाळा तोंडावर आलेला, मुखाशी वाळूचे दांडे आणि खवळलेला समुद्र. त्यामुळे त्याचे आरमार पुढचे काही महिने मांडवीतच अडकून पडले. एका काठाला पणजी, दुसऱ्या काठाला रेइश मागुश, आणि दोन्हीकडून मारा. दाणागोटा संपत आला. अखेर जूनच्या मध्यावर पोर्तुगीजांनी रात्री उतरून पणजीच्या कोटावर छापा घातला आणि तोफा काबीज केल्या. नदीच्या मध्यभागी नांगरलेल्या जहाजांना जी जागा इतकी जाचते, ती किल्ल्याच्याच कामाची असली पाहिजे. नोव्हेंबरच्या २५ तारखेला अल्बुकर्कने गोवे दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले, आणि कोट नव्या मालकाकडे गेला.

यानंतरची अडीचशे वर्षे पणजीच्या वाड्याच्या दृष्टीने सामान्यच म्हणायची. पोर्तुगीजांची राजधानी वर नदीत, आज ज्याला जुने गोवे म्हणतात तिथे होती. पणजी म्हणजे कोळ्यांची, नारळी-बागायतीची वस्ती, एक चॅपेल आणि हा कोट. लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की थाटामाटाच्या नगरप्रवेशाआधी काही दिवस मुक्कामाला, मुदत संपलेला परत निघाला की वाऱ्याची वाट पाहायला, एवढा त्याचा उपयोग. १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काउंटने पणजी ते रायबंदर असा तीन किलोमीटरहून लांब बांध घातला तेव्हा कुठे ही वस्ती राजधानीला पायवाटेने धड जोडली गेली. पण हा दुय्यम, अधूनमधूनचा वापर क्षुल्लक समजू नये. मुक्कामाच्या जागेची शाकारणी करावी लागते, पहारा ठेवावा लागतो, खर्चाची नोंद राहते. इमारत राजवाडा म्हणून मिरवत नव्हती, पण बेवारसही नव्हती.

जुन्या गोव्याची हवा बिघडत गेली, साथींमागून साथी आल्या, माणसे शहर सोडू लागली. व्हाइसरॉय सतराव्या शतकाच्या अखेरीसच तिथला आपला राजवाडा सोडून पणेली या उपनगरात राहायला गेले होते. १७५९ मध्ये एगाच्या काउंटने आणखी पुढचे पाऊल टाकले आणि पणजीचा कोट दुरुस्त करून त्यातच निवास हलवला. पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याच्या काळात लिस्बनहून जुने गोवे पुन्हा वसवण्याचे हुकूम सुटले, पैसाही खर्ची पडला, पण माणसे काही परतली नाहीत. १८४३च्या फर्मानाने पणजीला ‘नवे गोवे’ म्हणून शहराचा दर्जा मिळाला, तेव्हा कागदाने वस्तुस्थितीला ८४ वर्षांनी गाठले एवढेच. आता याच काळात जुन्या गोव्यात काय झाले ते पाहावे, कारण आपल्या मुद्द्याची कसोटी तिथे लागते. तिथेही आदिलशाही वाडे होते. एक मोठ्या चौकातला, ‘सबायो’चा (आदिलशहाला पोर्तुगीजांनी दिलेले नाव) म्हणून ओळखला जाणारा; त्यात आरंभीचे गव्हर्नर राहिले आणि १५६० पासून इन्क्विझिशनचे ठाणे बसले. दुसरा नदीकाठच्या किल्ल्यातला. त्यात १५५४ पासून व्हाइसरॉय राहत होते. दोन्ही वास्तू पणजीच्या कोटापेक्षा मोठ्या आणि मानाच्या होत्या. पण इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले, व्हाइसरॉय तर केव्हाच गेलेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन्ही वाडे जमीनदोस्त झाले. त्यांचा दगड वाया गेला नाही. नव्या राजधानीच्या बांधकामांना तो कामी आला. सेंट कॅजेटन चर्चच्या जवळ आज काळ्या दगडाची एक कोरीव चौकट उभी आहे: दोन खांब, वर पाट, बाजूला जाळीचे तुकडे आणि पुढे पायऱ्या. आत काही नाही. किल्ल्यातल्या त्या आदिलशाही वाड्याचे हेच अवशेष. मोठे वाडे गेले आणि दुय्यम कोट राहिला, याचा उलगडा वास्तूंच्या गुणांवरून होत नाही. कुठल्या वाड्यात माणूस राहत होता यावरून होतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. इमारत वापरामुळे वाचली की जागेमुळे? मांडवीचा काठ, समुद्राच्या तोंडाशी पण वाऱ्यापासून आडोशाला, जहाज लागायला सोयीचे. अशा ठिकाणी कुणीही राज्यकर्ता काही ना काही बांधणारच. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याने जागेचे सातत्य सिद्ध होते, वास्तूचे नव्हे. मनुएल द पुर्तुगाल इ काश्त्रू या गव्हर्नरच्या कारकिर्दीत, म्हणजे १८२७ ते १८३५ या वर्षांत, पणजीचा दलदलीचा भाग भरून रस्ते आखले गेले, लष्करी बराकी उभ्या राहिल्या, नवे शहर आकाराला आले. हे सगळे करणाऱ्या सरकारला जुना कोट पाडून नवा प्रासाद बांधणे अवघड नव्हते. तो त्याने पाडला नाही, कारण त्यात गव्हर्नर राहत होता आणि पाडायचे म्हणजे त्याला आधी दुसरीकडे हलवावे लागले असते. दुसरा आक्षेप आपल्याच इतिहासातून काढता येईल. पुण्याचा शनिवारवाडा १८१८ नंतर रिकामा पडला नव्हता. इंग्रजांच्या ताब्यात होता, वापरात होता, तरी १८२८च्या आगीत गेला. मग वापराने काय वाचवले? आग लागायची ती कुठेही लागते. प्रश्न आगीनंतरचा आहे: इंग्रजांची सत्ता काही त्या वाड्यात बसत नव्हती, त्यामुळे वाडा पुन्हा उभा करण्याची निकड कुणालाच नव्हती. सरकारच्या ताब्यात असणे वेगळे आणि सरकारचे आसन असणे वेगळे. पणजीच्या इमारतीच्या नशिबी १७५९ पासून दुसरी गोष्ट आली.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो हल्ली बराच ऐकू येतो: या वास्तूला ‘आदिलशहाचा राजवाडा’ म्हणणे ही फसवणूक आहे. समोर उभे राहिले की काय दिसते? दुमजली, लांबट, चुन्याने रंगवलेली इमारत. उतरते कौलारू छप्पर. वरच्या मजल्यावर रांगेने खिडक्या आणि लाकडी गॅलऱ्या. हे रूप गोव्यातल्या कुठल्याही जुन्या पोर्तुगीज सरकारी वास्तूचे आहे. घुमट नाही, कमानींची रांग नाही, विजापूरची आठवण करून देईल असे काही नाही. खंदक बुजला, तट गेला, तोफा गेल्या. मग यूसुफचे नाव कशाच्या जोरावर? माझ्या मते आक्षेप घेणारे निरीक्षणात बरोबर आहेत, निष्कर्षात चुकतात. वास्तूचे नाव हा तिच्या दगडांचा दाखला असतो असे धरले तर सतत राहते असलेले एकही जुने घर आपले नाव सांगू शकणार नाही. कोकणातली घराणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच जोत्यावर घर बांधतात, वासे बदलतात, कौले फिरवतात, तरी घर मूळ पुरुषाच्या नावाने ओळखले जाते. मात्र एक अट हवी. नावाच्या आडोशाला पुढचे सगळे मालक झाकले जाऊ नयेत. ‘आदिलशाही राजवाडा’ एवढेच म्हणून थांबले की १७५९ नंतरचा, म्हणजे जो दिसतो आहे तो सगळा, इतिहास पुसला जातो. आणि पोर्तुगीज रूप पाहून त्याला पोर्तुगीज वास्तू म्हणून मोकळे झाले की सुरुवात पुसली जाते. दोन्ही सोयीस्कर आहेत, दोन्ही अर्धवट.

एकोणिसाव्या शतकातला एक प्रसंग या वास्तूच्या स्वभावावर प्रकाश टाकतो. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी राजवट आली आणि १८३५च्या जानेवारीत बर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हा गोमंतकीय माणूस प्रीफेक्ट म्हणून कारभारावर आला. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या सर्वोच्च पदावर बसलेला हा एकमेव स्थानिक. त्याची कारकीर्द १७ दिवस टिकली. फेब्रुवारीच्या आरंभी लष्कराने उठाव करून त्याला पदच्युत केले आणि त्याला गोवा सोडून मुंबईचा रस्ता धरावा लागला. आपल्या माणसाला त्या आसनावर बसायला त्यानंतर १९६३ साल उजाडावे लागले. पुढे १९१८ मध्ये गव्हर्नर-जनरल काबोच्या भूशिरावर, आजच्या राजभवनात, कायमचे राहायला गेले. वरवर पाहता इमारतीचा मान उतरला. प्रत्यक्षात तिचे आयुष्य इथे नव्याने बेतले गेले. राजवाड्याला राजा लागतो आणि राजा गेला की राजवाडा भंगतो. कचेरीला फक्त कागद लागतात, आणि कागद कधीच संपत नाहीत. दिवाणखान्यांत मेजे लागली, शयनगृहांत दप्तरे रचली गेली. भारतीय सैन्य १९ डिसेंबर १९६१ला पणजीत आले तेव्हा नव्या प्रशासनाला चालते सचिवालय आयतेच मिळाले. दारांवरची व्हाइसरॉयांची राजचिन्हे उतरून अशोकचक्र आले. चिन्ह बदलायला वेळ लागत नाही. फायली, खोल्या आणि कारकुनी वहिवाट बरीचशी होती तशीच पुढे चालली.

तर मग १९६४ मध्ये नवे ते काय झाले? पोर्तुगीज अमलातही गोव्यात कायदेमंडळ होते, आणि लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९३० मध्ये वसाहतींविषयीच्या कायद्याचा निषेध करून गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा हक्क तिथेच मांडला होता, ही आठवण कुणी करून दिली तर ती योग्यच आहे. पण त्या मंडळाला कार्यकारी सत्तेला खाली खेचता येत नव्हते. साडेचारशेहून अधिक वर्षे या इमारतीत हुकूम बाहेरून येत: आधी विजापूरहून, मग लिस्बनहून, आतला माणूस अंमलबजावणीचा धनी. १९६४ पासून प्रथमच सत्तरी, पेडणे, सासष्टीहून निवडून आलेल्यांनी आत येऊन हात वर केला की त्याचा कायदा होऊ लागला. त्याच वर्षीचा कुळ कायदा, १९७५चा, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा, ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व आणणारी १९७६ची दुरुस्ती; ज्या भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या आणि कोमुनिदादींच्या म्हणजे ग्रामसंस्थांच्या व्यवस्थेवर जुनी सत्ता उभी होती तिला धक्का देणारे हे कायदे त्याच छपराखाली झाले. आदिलशहाच्या किंवा एगाच्या काउंटच्या वास्तूचा इतका उलटा उपयोग कुणाच्या स्वप्नातही आला नसता.

गोवा महाराष्ट्रात विलीन करावा हा ठराव जानेवारी १९६५ मध्ये याच सभागृहाने संमत केला, आणि दोन वर्षांनी लोकांनी तो फेटाळला. बांदोडकर सरकारने जनमत कौलाआधी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७च्या मतदानात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१चा. गमतीची बाब अशी की त्यानंतर लगेच झालेल्या निवडणुकीत लोकांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा याच इमारतीत पाठवले. मराठी वाचकाला तो कौल आजही टोचत असेल तर ते समजण्यासारखे आहे, पण संस्थेच्या इतिहासकाराला त्यातले वेगळेच महत्त्व दिसते: या इमारतीत झालेला निर्णय बाहेरच्या लोकांनी मतपेटीतून रद्द केला, आणि आतल्यांनी तो मुकाट्याने मानला, असे इथे पूर्वी कधी घडले नव्हते. भाषेचा वादही इथेच चालला. ४ फेब्रुवारी १९८७ला राजभाषा कायदा झाला. देवनागरीतील कोकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. त्याच वर्षी ३० मेला गोवा घटक राज्य झाले, सभागृह ४० जणांचे झाले. मुक्कामाच्या कोटात, मग राजवाड्यात, मग कचेरीत कोंबलेले विधिमंडळ आता त्या खोल्यांत मावेना. २००० मध्ये ते मांडवीपलीकडे पर्वरीच्या पठारावर, मुद्दाम त्याच कामासाठी बांधलेल्या संकुलात गेले.

पुरातत्त्वाची बाजू घेणारे इथे म्हणतील की बरेच झाले. सरकारी वापर हीच जुन्या वास्तूंची कीड आहे. त्यांच्याकडे दाखले आहेत. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीत, जिच्या दगडी जाळ्या जगप्रसिद्ध आहेत तिथे, इंग्रजांनी मामलेदार कचेरी थाटली होती. ती हलवायला लॉर्ड कर्झन यावा लागला. पणजीतही फळ्यांचे आडपडदे, वायरींचे जाळे, छताला टांगलेले पंखे यांनी दालनांची रया घालवली हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मशिदीत कचेरी बसवणे म्हणजे वास्तूचा मूळ हेतू मोडणे होते. पणजीची इमारत पहिल्या दिवसापासून अंमल चालवण्यासाठीच होती. तीत सचिवालय येणे हा हेतुभंग नव्हे, त्याच हेतूची पुढची पायरी होती. आपल्याकडे गेलेले काही असेल तर ते सौंदर्य गेले, अर्थ गेला नाही.

म्हणूनच २०००चा बदल हा १७५९ किंवा १९१८च्या बदलांच्या रांगेत बसत नाही. आधीच्या दर वेळी एक सत्ताधारी बाहेर पडला तरी कारभार आत राहिला. या वेळी कारभारच गेला. आता दालनांत प्रदर्शने भरतात, डिसेंबरात कला महोत्सवाचे मांडणशिल्प उभे राहते, बाजूच्या चौथऱ्यावर रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवलेला गोमंतकीय संमोहनतज्ज्ञ आब्बे फारिया आपल्या हातांनी एका स्त्रीला संमोहित करीत उभा असतो आणि येणारे-जाणारे त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात. हा वापर वाईट नाही. कौले फिरवली जातात, खांबांना वाळवी लागली तर कुणाच्या तरी लक्षात येते. पण प्रदर्शनाला कुठलीही चार भिंतींची जागा चालते, आणि इथे कुठलीही जागा नव्हती. पुन्हा एखादे खाते आणून बसवावे असे मी म्हणणार नाही. तो मार्ग पर्वरीने बंद केला आहे आणि ते योग्यच झाले. मात्र विधानसभा जिथे छत्तीस वर्षे भरली ते दालन आज चित्रे टांगायची आणखी एक खोली म्हणून वापरले जाणे योग्य नाही. आमदारांची आसने, सभापतींची जागा, पत्रकारांची बाजू पुन्हा मांडता येईल. १९६४च्या कुळ कायद्यावरची, १९६५च्या ठरावावरची आणि १९८७च्या राजभाषा विधेयकावरची भाषणे कामकाजाच्या छापील नोंदींत आहेत. त्यांच्या प्रती, मराठीत, कोकणीत, इंग्रजीत, ज्या भाषेत जो बोलला त्या भाषेत, त्याच दालनात वाचायला ठेवता येतील. खर्च फारसा नाही, आणि परवानगी द्यायची ती विधानसभेच्याच सभापतींनी व सरकारने द्यायची आहे.